फ्रान्सचा ‘हाय-लाइफ’ : उमरावांचे पोशाख आणि लेखकांच्या बैठका (१८७०–१९००) – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीस वर्षांत पॅरिसमध्ये वावरणारी उमराव मंडळी, त्यांचे पोशाख आणि त्यांच्या दिवाणखान्यांत ऊठबस असलेले लेखक यांच्याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे या पानावर दिली आहेत. कपडे आणि साहित्य हे विषय वेगवेगळे हाताळायला हवे होते, असे काहींना वाटेल. पण ज्या खोलीत नव्या कादंबरीची चर्चा होई त्याच खोलीत नव्या झग्याची पारख होई, आणि दोन्हींवर निकाल देणारी माणसेही बहुधा तीच असत. त्यामुळे हे दोन धागे सोडवून वेगळे केले, तर हाती दोन अर्धवट गोष्टी उरतात.

‘हाय-लाइफ’ हा इंग्रजी शब्द आहे. तो फ्रेंच समाजाला का लावायचा?

तो फ्रेंचांनी स्वतःच लावून घेतला होता. इंग्रजांशी पिढीजात वैर असले तरी शर्यतीचे घोडे, पुरुषांचे क्लब, पुरुषी कपड्यांची शिवण आणि दुपारचा चहा या चार बाबतींत पॅरिसच्या उमरावांनी लंडनचे शिष्यत्व आनंदाने पत्करले होते. त्यांच्यातला सर्वांत मानाचा क्लब १८३४ साली स्थापन झाला आणि त्याचे नावही इंग्रजीच होते, ‘जॉकी क्लब’. दुपारच्या चहाला ‘फाइव्ह ओक्लॉक’ म्हणत, आणि तो चहा कितीही वाजता असला तरी त्याचे नाव ‘फाइव्ह ओक्लॉक’च राही. त्यामुळे या लिखाणात कुठे ‘हाय-लाइफ’, कुठे ‘उच्चभ्रू समाज’ आणि कुठे नुसतेच ‘ती मंडळी’ असे शब्द येतील. अर्थ एकच आहे.

१८७० नंतर फ्रान्समध्ये प्रजासत्ताक होते. मग सरदार-उमरावांचे महत्त्व कशामुळे टिकले?

राजकीय महत्त्व टिकले नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. सप्टेंबर १८७० मध्ये तिसऱ्या नेपोलियनचे साम्राज्य कोसळले. बूर्बों या जुन्या राजघराण्याचा अखेरचा थेट वारस, काउंट ऑफ शांबोर, १८८३ मध्ये निपुत्रिक वारला. पुढे १८८६ च्या कायद्याने जुन्या राजघराण्यांच्या प्रमुखांना देशाबाहेर घालवण्यात आले. एका उमरावबाईने मात्र सत्ता परत मिळवण्यासाठी पैसे ओतून पाहिले: डचेस दुझेस यांनी प्रजासत्ताकाविरुद्ध उभ्या राहिलेल्या जनरल बूलांझे यांच्या चळवळीत तब्बल ३० लाख फ्रँक घातले. १८८९ मध्ये ते जनरलसाहेबच देश सोडून पळाले आणि पैसे बुडाले.

मंत्रिपदे गेली, राजदरबार गेला, तेव्हा या वर्गाच्या हाती एकच अधिकार उरला: कोणाला घरी बोलवायचे आणि कोणाला नाही. हा अधिकार त्यांनी कमालीच्या कठोरपणे वापरला. सीन नदीच्या डाव्या तीरावरचा फोबूर सँ-जेर्मँ हा जुन्या घराण्यांच्या वाड्यांचा भाग होता. पण या काळापर्यंत ते नाव पत्त्यापेक्षा पायरीचे निदर्शक झाले होते. नदीच्या उजव्या तीरावर राहणारी बाईसुद्धा ‘फोबूर’ची असू शकत होती आणि ऐन फोबूरमध्ये घर घेतलेला सावकार आयुष्यभर बाहेरचाच राहू शकत होता. जिथे सत्ता नाही तिथे शिष्टाचाराचे, रंगाचे, कापडाचे आणि शब्दांच्या उच्चारांचे महत्त्व वाढते. त्या काळातल्या पोशाखांचा अतिरेक समजून घ्यायचा असेल तर ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

‘सलाँ’ म्हणजे नेमके काय? तिथे काय चाले?

प्रथम उच्चाराबद्दल: मराठीत ‘सलून’ म्हटले की केस कापायचे दुकान डोळ्यांपुढे येते, म्हणून इथे मूळ फ्रेंच उच्चाराच्या जवळचा ‘सलाँ’ वापरला आहे. सलाँ म्हणजे एखाद्या बाईच्या घरी ठरलेल्या वारी भरणारी बैठक. वार ठरलेला असे आणि माणसे ठरलेली असत. बाकी सगळे यजमानीणबाईंच्या स्वभावावर अवलंबून असे.

त्या काळातला सर्वांत भारदस्त सलाँ प्रिन्सेस मातिल्द यांचा. त्या पहिल्या नेपोलियनच्या पुतणी होत्या (जन्म १८२०, मृत्यू १९०४), आणि साम्राज्य कोसळल्यावर त्यांनी रू द बेरीवरच्या घरात आपली बैठक पुन्हा जमवली. कादंबरीकार फ्लोबेर आणि एदमों द गोंकूर, इतिहासकार तेन अशी माणसे तिथे येत. तिथला एक प्रसंग या साऱ्या समाजाची रीत सांगून जातो. १८८७ मध्ये तेन यांनी नेपोलियनवर कठोर टीका करणारे लेख छापले. प्रिन्सेसने वाद घातला नाही, पत्र लिहिले नाही. तेन यांच्या घरी त्यांनी आपले भेटकार्ड धाडले आणि त्यावर ‘पी. पी. सी.’ ही तीनच अक्षरे होती. प्रवासाला निघालेल्या माणसाने ‘निरोप घेतो’ म्हणून कार्डावर लिहायची ती अक्षरे; इथे त्यांचा अर्थ ‘आपला संबंध संपला’ असा होता, आणि तो तेन यांना बरोबर कळला.

मादाम ओबेर्नों यांच्याकडची तऱ्हा निराळी. त्यांच्याकडच्या जेवणाला संभाषणाचा विषय आधीच जाहीर होई, एका वेळी एकानेच बोलायचे असा दंडक होता आणि मध्ये कोणी तोंड घातले की बाई हातातली छोटी घंटी वाजवत. असे सांगतात की एकदा नाटककार लाबिश काही बोलू पाहत होते, घंटी वाजली, ते गप्प बसले. त्यांची पाळी आल्यावर बाईंनी त्यांना बोलायची आज्ञा केली, तेव्हा ते म्हणाले की त्यांना फक्त आणखी थोडे मटार हवे होते. हा किस्सा वेगवेगळ्या लेखकांच्या नावावर खपवला जातो, पण घंटी मात्र खरी होती.

याच मादाम ओबेर्नोंच्या बैठकीत तयार झालेल्या मादाम आर्मां द काय्याव्हे यांनी पुढे अव्हेन्यू होश येथे स्वतःचा सलाँ मांडला आणि आनातोल फ्रान्स या लेखकाला त्याचे केंद्र केले. दोघी बायकांचे त्यावरून फाटले. आनातोल फ्रान्स आळशी होते, असे त्यांचे मित्रच म्हणत. काय्याव्हेबाई त्यांना लिहायला बसवत आणि मग जमलेल्या लोकांसमोर बोलते करत. १८९६ मध्ये ते फ्रेंच अकादमी या लेखकांच्या सर्वांत मानाच्या संस्थेवर निवडून गेले. अकादमीच्या ४० खुर्च्यांपैकी एखादी रिकामी झाली की पॅरिसच्या दिवाणखान्यांत मतांची जुळवाजुळव सुरू होई, आणि कोणत्या बाईच्या बैठकीतला माणूस जिंकला याचा हिशेब ठेवला जाई. लेखकाला सलाँ का हवा असे आणि सलाँला लेखक का हवा असे, याचे उत्तर या हिशेबात आहे.

मादाम स्त्राउस यांचा सलाँ मला व्यक्तिशः सर्वांत जवळचा वाटतो. त्या संगीतकार आलेव्ही यांच्या कन्या आणि ‘कार्मेन’कर्ते बिझे यांच्या विधवा. १८८६ मध्ये त्यांनी वकील एमिल स्त्राउस यांच्याशी दुसरे लग्न केले. जन्माने त्या उमराव नव्हत्या, ज्यू होत्या, आणि तरीही उमराव त्यांच्या घरी धावत येत, ते केवळ त्यांच्या हजरजबाबी बोलण्यासाठी. त्यांचे एक वाक्य दुपारी उच्चारले जाई आणि रात्रीपर्यंत दहा घरांत पोहोचलेले असे. मुलाच्या शाळासोबत्यांपैकी एक, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला मार्सेल प्रूस्त, तिथे कोपऱ्यात बसून ऐकत असे.

या बायका दिवसातून इतक्या वेळा कपडे का बदलत?

कारण प्रत्येक प्रहराचा पोशाख ठरलेला होता आणि चुकीच्या वेळी योग्य कपडा हीसुद्धा चूकच समजली जाई. सकाळी बुआ द बूलोञ या वनात घोड्यावरून फेरफटका मारायचा, त्याला गडद लोकरी कापडाचा घट्ट बेतलेला रायडिंगचा वेष. दुपारी भेटीगाठींना गळ्यापर्यंत बंद कॉलरचा झगा, टोपी आणि हातमोजे. संध्याकाळी चहाच्या वेळी घरातल्या घरात ‘टी-गाउन’, म्हणजे तुलनेने सैल झगा, ज्यात दोन घटका श्वास घेता येई. रात्री जेवणाला, ऑपेराला किंवा नृत्याला खांदे उघडे टाकणारा पोशाख. पाच जानेवारी १८७५ रोजी उघडलेल्या गार्निये ऑपेरागृहात वर्षभराचे बॉक्स घेतलेल्या कुटुंबांत सोमवार आणि शुक्रवार हे ‘आपले’ वार मानले जात. दुर्बिणी रंगमंचाकडे जेवढ्या वळत, तेवढ्याच समोरच्या बॉक्सकडेही वळत.

शिवणाऱ्यांनी यावर एक काटकसरीची युक्ती काढली होती, जी आजही संग्रहालयांतल्या कपड्यांत दिसते: एकाच घेराला दोन चोळ्या शिवायच्या, एक बंद गळ्याची दिवसासाठी आणि एक उघड्या गळ्याची रात्रीसाठी. एवढी श्रीमंती असूनही लियोंचे भारी रेशीम फुकट जाऊ नये याची काळजी घेतली जाई, हे वाचून कुणाही मराठी गृहिणीला बरे वाटेल.

हंगामही ठरलेला होता. जूनमध्ये लाँशाँच्या ‘ग्राँ प्री’ या घोड्यांच्या शर्यतीने पॅरिसचा हंगाम संपे, मग समुद्रकिनारा, मग गावाकडचा वाडा आणि शिकार. जुलैत पॅरिसमध्ये दिसणे म्हणजे खिशात पैसे नसल्याची कबुली देण्यासारखे होते.

वर्थ कोण होता आणि त्याचे एवढे नाव कशामुळे झाले?

फ्रेंच उमरावांना पोशाख शिकवणारा माणूस इंग्रज होता, हा या कहाणीतला गमतीचा भाग आहे. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ (१८२५–१८९५) लिंकनशायरमधल्या बोर्न गावचा. विशीच्या उंबरठ्यावर तो पॅरिसला आला, गाझलँ या कापडाच्या पेढीत विक्रेता म्हणून राहिला, आणि १८५८ च्या सुमारास बोबेर्ग या स्वीडिश भागीदाराबरोबर रू द ला पे या रस्त्यावर सात क्रमांकाच्या घरात त्याने स्वतःचे दुकान काढले. ऑस्ट्रियाच्या राजदूताची पत्नी प्रिन्सेस मेटर्निख हिने त्याचा झगा घालून दरबारात पाऊल टाकले, सम्राज्ञी युजेनीने विचारपूस केली, आणि वर्थचे दिवस पालटले. १८७०–७१ च्या प्रशियाबरोबरच्या युद्धात दुकान बंद पडले. पुन्हा उघडले तेव्हा भागीदार नव्हता, सम्राज्ञीही नव्हती, पण गिऱ्हाईक होते, आणि त्यात आता अमेरिकी लक्षाधीशांच्या बायकांची भर पडली होती.

त्याने केलेला बदल असा. त्याच्या आधी बाई कापड विकत घेई, शिवणारणीला घरी बोलावून आपल्याला काय हवे ते सांगे. वर्थने हा क्रम उलटा केला. बाईने त्याच्याकडे यायचे, त्याने आधीच बेतलेले नमुने जिवंत तरुणींच्या अंगावर पाहायचे, आणि मग तिला काय शोभते हे त्याने ठरवायचे. चित्रकाराने चित्रावर सही करावी तशी कमरेच्या आतल्या फितीवर त्याच्या नावाची पट्टी शिवलेली असे. उतारवयात तो मखमली टोपी आणि फरची किनार लावलेला अंगरखा घालून थेट रेम्ब्रांच्या थाटात फोटोला बसला आहे. शिंपी म्हणवून घेणे त्याला मान्य नव्हते, हे त्या फोटोवरून कळते. एमिल झोलाने आपल्या ‘ला क्युरे’ या कादंबरीत ‘वर्म्स’ नावाचा जो मिजासखोर पोशाखकार रंगवला आहे, तो वर्थवरूनच बेतलेला आहे.

त्याच रस्त्यावर पुढे जाक दुसे आणि १८९१ पासून जान पाकँ यांचीही दुकाने गाजू लागली.

कपड्यांचा आकार कसा बदलत गेला?

थोडक्यात सांगायचे तर १८६० च्या दशकातला पिंजऱ्यासारखा गोल घेर मागे सरकला आणि कमरेखाली पाठीमागे फुगवटा आला, त्याला ‘तूर्न्यूर’ म्हणत. १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो ओसरला आणि अंगाला चिलखतासारखी चिकटलेली लांब चोळी आली. १८८३ च्या आसपास फुगवटा पुन्हा उगवला, या वेळी जवळजवळ काटकोनात. १८९० च्या दशकात तो नाहीसा झाला आणि सगळा फुगारा बाह्यांत शिरला. १८९५ च्या सुमारास खांद्याशी बाही एवढी फुगे की दारातून जाताना बाईला जपून वळावे लागे. कॉर्सेट मात्र या सगळ्या काळात कायम होता, आणि तो मागून आवळायला मोलकरीण लागे. ज्या बाईला एकटीने कपडे घालता येत नाहीत ती श्रीमंत, इतका सरळ हिशेब होता.

एखादा खरा पोशाख जवळून पाहायचा तर कोणता?

काउंटेस ग्रेफ्यूल यांचा लिलीच्या फुलांचा पोशाख पाहावा. एलिझाबेथ द कारामां-शिमे (१८६०–१९५२) ही बेल्जियन राजकुलातली, मोठे नाव आणि बेताचा पैसा असलेल्या घरातली मुलगी. अठराव्या वर्षी अफाट श्रीमंत ग्रेफ्यूल घराण्यात तिचे लग्न झाले. नवरा रागीट, बाहेरख्याली आणि शिकारीचा षौकी. बाईंनी मात्र संगीतासाठी मोठे काम केले: १८९० मध्ये मोठ्या संगीतरचनांचे प्रयोग घडवून आणणारी संस्था काढली, वाग्नरचे ऑपेरा पॅरिसला ऐकवायला हातभार लावला, आणि फोरे या संगीतकाराने आपली ‘पावान’ ही रचना त्यांनाच अर्पण केली.

हा पोशाख वर्थच्या पेढीचा आणि १८९६ चा आहे, म्हणजे म्हातारा वर्थ वारल्यानंतरचा, मुलांच्या कारकिर्दीतला. काळी मखमल, खांद्यापासून पायापर्यंत एकसंध बेतलेली, कमरेला जोड नाही. त्या काळ्या मखमलीवर हस्तिदंती रेशमाच्या लांब देठांच्या लिली जोडकामाने बसवल्या आहेत, आणि त्यांवर मोती व टिकल्यांचे भरतकाम आहे. देठ वर चढत जातात तशी नजरही आपोआप वर जाते आणि आधीच उंच असलेली बाई आणखी उंच दिसते. खांद्यांवर रुंद कॉलर आहे, ती उचलली की वटवाघळाचे पंख पसरल्यासारखे दिसते. हा योगायोग नव्हे. बाईंचे नातलग कवी रोबेर द मोंतेस्क्यू यांचा ‘वटवाघळे’ हा संग्रह १८९२ मध्ये आला होता, आणि लिलीही त्यांच्याच कवितेतून आली होती. हा झगा म्हणजे अंगावर घालायची कविता होती, आणि ती वाचू शकणारी माणसे पॅरिसमध्ये फार तर दोन-तीनशे असतील. बाकीच्यांना ती नुसती फुले दिसत.

पॉल नादार यांनी घेतलेल्या फोटोत बाईंची पाठ आपल्याकडे आहे आणि त्या आरशासमोर उभ्या आहेत. प्रूस्तने त्यांना १८९३ मध्ये पहिल्यांदा पाहिले, पुढे फोटोची अनेकदा मागणी केली, आणि बाईंनी तो त्याला कधी दिला नाही.

लेखकांना झगे, फिती आणि टोप्यांत एवढा रस असायचे कारण काय?

सर्वांत नवलाचे उदाहरण स्तेफान मालार्मे यांचे. फ्रेंच कवितेतला हा सर्वांत दुर्बोध समजला जाणारा कवी पोटासाठी शाळेत इंग्रजी शिकवत असे. सप्टेंबर ते डिसेंबर १८७४ या काळात त्यांनी ‘ला देर्निएर मोद’, म्हणजे ‘अगदी ताजी फॅशन’, या नियतकालिकाचे आठ अंक काढले आणि जवळजवळ एकहाती लिहिले. कपड्यांवर ‘मार्गरीत द पोंती’ लिहीत, फॅशनच्या बातम्या ‘मिस सॅटिन’ देत. दोघी म्हणजे मालार्मेच. हे अंक केवळ पोटापाण्याचा उद्योग म्हणून बाजूला सारणारे अभ्यासक आहेत, पण मला ते पटत नाही. एखाद्या फितीचे वर्णन करताना ती फीत नाहीशी होऊन तिचा नुसता आभास मागे राहावा, हा प्रयत्न त्यांच्या कवितेत आहे तसाच तिथेही आहे.

मोपासाँचे कारण वेगळे. त्याला कपड्यामागची किंमत दिसत असे. उसन्या हिऱ्यांच्या हारापायी आयुष्य घालवणाऱ्या कारकुनाच्या बायकोची १८८४ ची गोष्ट अनेक मराठी वाचकांनी इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात वाचलेली असते. ती या हाय-लाइफकडे खिडकीबाहेरून पाहणाऱ्या बाईची गोष्ट आहे. पुढे मोपासाँ स्वतः आत शिरला आणि १८९० च्या ‘नोत्र केर’ कादंबरीत त्याने सलाँ चालवणारी, सर्वांना खेळवणारी बाई उभी केली. पॉल बूर्जे यांच्या कादंबऱ्यांत सामानसुमानाचे आणि कपड्यांचे तपशील इतके येतात की कधीकधी पात्रे फक्त त्यांना लटकवायला आणलेल्या खुंट्यांसारखी वाटतात.

वृत्तपत्रांत अशा कपड्यांची वर्णने खरोखर छापून येत का?

होय, आणि ती मोठ्या आवडीने वाचली जात. ‘ल फिगारो’ आणि ‘ल गोल्वा’ या दैनिकांत काल कोणाकडे जेवण झाले, कोण आले, कोणी काय घातले होते हे रोज येई. आपले नाव वगळले गेले तर मानहानी, आणि ते छापून यावे म्हणून धडपड केल्याचे उघड झाले तर त्याहून मोठी.

तीस मे १८९४ रोजी मोंतेस्क्यू यांनी व्हर्सायच्या आपल्या घरी बागेत एक साहित्यिक मेजवानी दिली. सारा बर्नार्ड आणि इतर नट्यांनी कविता म्हटल्या, तरुण देलाफोस पियानो वाजवायला होता. दुसऱ्या दिवशी ‘ल गोल्वा’मध्ये ‘तू-पारी’ या टोपणनावाने वृत्तान्त आला, आणि त्यात काउंटेस ग्रेफ्यूल यांच्या पोशाखाचे वर्णन असे होते: गुलाबी झाक असलेले फिकट जांभळे रेशीम, त्यावर ऑर्किडची फुले विखुरलेली, वरून त्याच रंगाची रेशमी मलमल, टोपीवर ऑर्किड आणि भोवती जांभळी जाळी. हा वृत्तान्त लिहिणारा बातमीदार २२ वर्षांचा मार्सेल प्रूस्त होता. पुढे ज्याची कादंबरी विसाव्या शतकातली सर्वश्रेष्ठ म्हणून गणली गेली, त्या लेखकाने वाक्य लांबवत नेऊन त्यात रंगाची छटा टिकवण्याचा सराव अशा बातम्यांवर केला. १९०३ मध्येही तो ‘दोमिनिक’ आणि ‘ओरासियो’ या नावांनी ‘फिगारो’त सलाँची वर्णने लिहीतच होता.

त्याच्या पहिल्या पुस्तकाला हे वातावरण भोवले. १८९६ च्या ‘ले प्लेझीर ए ले झूर’ला प्रस्तावना आनातोल फ्रान्स यांची, चित्रे गुलाबांची चित्रकार म्हणून मिरवणाऱ्या मादलेन लमेर यांची, आणि किंमत साडेतेरा फ्रँक, म्हणजे साध्या कादंबरीच्या चौपट. फार कोणी घेतले नाही, आणि त्याच्यावर ‘दिवाणखान्यातला हौशी लेखक’ हा शिक्का बसला, जो पुसायला त्याला वीस वर्षे लागली.

पुरुषांचे काय? ते सगळे काळ्या कोटातच असत का?

बहुतेक जण काळ्या कोटातच असत. पुरुषाची नजाकत कापडाच्या बेतात, मोज्यांच्या रंगात आणि गाठीच्या सैलपणात दिसावी असा संकेत होता. प्रिन्स द सागाँ हे या बाबतीतले पंच मानले जात; रुंद काळ्या फितीला अडकवलेला त्यांचा मोनोकल (एका डोळ्याचा चष्मा) पाहून शेकडो तरुणांनी तशी फीत विकत घेतली. त्यांची पत्नी एका धनाढ्य बँकरची मुलगी. १८८५ मध्ये तिने दिलेल्या नृत्यसमारंभाला सारे उमराव पशू, पक्षी आणि कीटकांच्या वेषात आले होते.

मोंतेस्क्यू (१८५५–१९२१) हा मात्र अपवाद. त्याच्या घराची विलक्षण सजावट मालार्मेने पाहिली आणि कादंबरीकार उइस्मान्सला सांगितली. त्यातून १८८४ च्या ‘आ रबूर’चा नायक देझेसँत घडला, जो पाळलेल्या कासवाच्या पाठीवर सोने चढवून रत्ने जडवतो आणि ते कासव त्या ओझ्याने मरते. चित्रकार व्हिसलरने त्याला काळ्यात रंगवले, चित्रकार बोल्दिनीने १८९७ मध्ये राखाडीत, हातातल्या छडीकडे प्रेयसीकडे पाहावे तसे पाहताना.

त्या छडीने त्याच वर्षी त्याला अडचणीत आणले. चार मे १८९७ रोजी रू झाँ-गूजाँवरच्या ‘बझार द ला शारिते’ या धर्मादाय विक्रीच्या मांडवाला आग लागली. सिनेमाच्या यंत्राच्या दिव्यातल्या ईथरने पेट घेतला, लाकूड आणि कापडाचा मांडव काही मिनिटांत जळाला, आणि सव्वाशेच्या आसपास माणसे गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्यांचे तलम, घेरदार कपडे क्षणात पेटले. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची बहीण, डचेस दालाँसों, त्यांत होती. काही पुरुषांनी छड्यांनी बायकांना बाजूला सारून वाट काढली, अशी कुजबुज शहरभर झाली. मोंतेस्क्यू तिथे नव्हताच, तरी एका मेजवानीत त्याच्या छडीवरून त्या आगीचा टोमणा मारला गेला, प्रकरण कवी आंरी द रेञिये याच्याशी तलवारीच्या द्वंद्वापर्यंत गेले आणि मोंतेस्क्यूच्या हाताला किरकोळ जखम झाली.

एवढा पैसा येई कोठून?

जमिनीचे उत्पन्न घटत चालले होते, म्हणून पदव्या अमेरिकेत खपू लागल्या. १८९३ मध्ये शिलाई यंत्रांच्या सिंगर कारखानदाराची मुलगी विनारेटा ही प्रिन्सेस द पोलिञाक झाली, आणि तिचा संगीताचा सलाँ पुढे फार नावाजला. १८९५ मध्ये रेल्वेसम्राटाची मुलगी अ‍ॅना गूल्ड हिने बोनी द कास्तेलान याच्याशी लग्न केले. त्याने तिचा पैसा भराभर उधळला, १९०६ मध्ये घटस्फोट झाला, आणि १९०८ मध्ये तिने त्याच्याच नात्यातल्या, वर आलेल्या प्रिन्स द सागाँच्या मुलाशी दुसरे लग्न केले.

या समाजाचा भारताशी काही संबंध होता का?

एक नक्की होता, तो काश्मिरी शालीचा. नवऱ्या मुलाने वधूला पाठवायच्या भेटींत काश्मिरी शाल असणे फ्रान्समध्ये अनेक दशके जवळजवळ सक्तीचे होते. १८७० नंतर ती रीत मोडली. मागे फुगवटा असलेल्या झग्यावर मोठी शाल नीट बसत नसे, आणि युद्धानंतर बाजारही पडला. काश्मीरच्या विणकरांची त्यात वाताहत झाली. अनेक जुन्या शाली पुढे पॅरिसमध्ये कापून त्यांचे कोट शिवले गेले.

द्रेफ्यूस प्रकरणाने या बैठकांवर काय परिणाम केला?

त्या फोडल्या. द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली होती. तेरा जानेवारी १८९८ रोजी त्याची बाजू घेणारे झोलाचे ‘मी आरोप करतो’ हे पत्र ‘लोरोर’ या दैनिकात छापून आले, आणि तोवर जिथे सर्व मतांची माणसे एकत्र जेवत होती तिथे प्रत्येक घराने बाजू घेतली. मादाम स्त्राउस यांचे घर द्रेफ्यूसच्या बाजूचे. चित्रकार देगाने वर्षानुवर्षांचा घरोबा असलेल्या आलेव्ही कुटुंबाकडे जाणे बंद केले. आनातोल फ्रान्स झोलाच्या बाजूने उभे राहिले, समीक्षक झ्यूल लमेत्र विरोधकांचे पुढारी झाले, आणि दोघांच्या यजमानिणींनी आपापल्या दिवाणखान्यांना छावण्यांचे रूप दिले. ज्यू यजमानिणींच्या घरी वर्षानुवर्षे जेवलेली काही माणसे त्यांना रस्त्यात ओळख दाखवीनाशी झाली. पोशाखावरच्या गप्पा चालू राहिल्या, पण पंगत कायमची बदलली.

प्रूस्तच्या कादंबरीतली गेर्माँतची डचेस म्हणजेच काउंटेस ग्रेफ्यूल का?

असे सरळ समीकरण मांडू नये. डचेसचा रुबाब आणि कपडे यांत ग्रेफ्यूलबाईंचा वाटा आहे, तिच्या पक्ष्यासारख्या चेहऱ्यामोहऱ्यात काउंटेस द शेविञे यांचा, आणि तिच्या चतुर बोलण्यात मादाम स्त्राउस यांचा. त्याच कादंबरीतल्या स्वान या पात्रात शार्ल आस हा माणूस पुष्कळ आहे, जो ज्यू असूनही अनेक नकारांनंतर १८७१ मध्ये जॉकी क्लबमध्ये घेतला गेला.

पण या साऱ्या जगाविषयी प्रूस्तला काय वाटत होते हे पाहायचे तर त्या कादंबरीच्या ‘गेर्माँतची बाजू’ या खंडाचा शेवट वाचावा. डचेस लाल झग्यात मेजवानीला निघाली आहे. स्वान तिला सांगतो की डॉक्टरांनी त्याला थोडेच महिने दिले आहेत. तिला काय बोलावे सुचत नाही; गाडी उभी आहे, उशीर होतो आहे, थांबायला वेळ नाही. एवढ्यात ड्यूकचे लक्ष जाते की बाईंनी लाल झग्यावर काळे बूट घातले आहेत. लाल बूट घालून यायला तो तिला परत वर पाठवतो, आणि तेवढा वेळ मात्र निघतो.

हे पोशाख आणि चित्रे आज कुठे पाहायला मिळतात?

काउंटेस ग्रेफ्यूल यांचे कपडे पॅरिसच्या पाले गालियेरा या फॅशन संग्रहालयात आहेत. २०१५–१६ मध्ये तिथे केवळ त्यांच्याच पोशाखांचे प्रदर्शन भरले होते. लिलीचा पोशाख आणि १९०४ मध्ये मुलीच्या लग्नात घातलेला, वधूलाही झाकून टाकणारा सोनेरी बायझंटाइन झगा दोन्ही त्यात होते. रेशीम आणि मखमल उजेडाने विरते म्हणून हे कपडे कायम मांडून ठेवत नाहीत. जाण्यापूर्वी संग्रहालयाचे वेळापत्रक पाहावे. बोल्दिनीचा मोंतेस्क्यू ओर्से संग्रहालयात आहे, आणि शार्ल आस असलेले, चित्रकार तिसोने काढलेले ‘रू रोयाल’ क्लबचे समूहचित्रही तिथेच आहे. त्यात तो अगदी उजव्या टोकाला, दाराच्या चौकटीत उभा आहे. व्हिसलरने काढलेले चित्र न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे. प्रवास शक्य नसेल तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर ‘ल गोल्वा’चे जुने अंक विनामूल्य उघडतात. ३१ मे १८९४ चा अंक काढून ‘तू-पारी’ ही सही शोधावी.